हस्की समजून मॅलाम्यूट आणताय का?

जाड लोकरीचा कोट, चेहऱ्यावर मुखवटा चढवावा तसे रंग, ताठ कान. असा कुत्रा दिसला की आपण लगेच म्हणतो, हस्की! बहुतेक वेळा तो हस्कीच असतो, पण काही वेळा तो अलास्कन मॅलाम्यूट निघतो. पिल्लू दोन महिन्यांचं असताना नवख्याला फरक कळत नाही. वर्षभराने मात्र एका घरात वीस-पंचवीस किलोचा कुत्रा असतो आणि दुसऱ्या घरात चाळिशीला टेकलेला. तेव्हा पट्टा कोणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

दोघांनीही बर्फावरून गाड्या ओढल्या. पण कोणी काय ओढलं हे कळलं, की बाकीचं आपोआप उलगडतं. सायबेरियन हस्की हा ईशान्य सायबेरियातल्या चुक्ची लोकांचा कुत्रा. हलकं ओझं घेऊन, थोडक्या अन्नावर, लांबच लांब पल्ला कापणारा. 1908 च्या सुमारास हे कुत्रे अलास्कात नोम गावी आले, तेव्हा त्यांची लहान चण पाहून लोकांनी त्यांना उंदीर म्हणून हिणवलं. 1910 मध्ये त्याच कुत्र्यांनी तिथली 408 मैलांची शर्यत जिंकली. पुढे 1925 साली नोममध्ये घटसर्पाची साथ आली आणि औषध टप्प्याटप्प्याने कुत्र्यांच्या गाड्यांवरून पोचवावं लागलं. शेवटचा टप्पा धावणाऱ्या बाल्टो या कुत्र्याचं नाव झालं, पण सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा पल्ला टोगो या हस्कीच्या तुकडीने पार केला होता. त्या वेळी टोगो 12 वर्षांचा होता. माझ्या मते हस्की म्हणजे काय, हे टोगोकडे पाहून समजतं.

मॅलाम्यूट अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरचा. तिथल्या मालेम्यूट लोकांवरून त्याला नाव मिळालं. त्याचं काम अवजड माल सावकाश ओढून नेण्याचं, म्हणून हाडं जाड, छाती भरदार, पंजे मोठे. अमेरिकी मानकाप्रमाणे नर साधारण 38 किलोचा, तर हस्कीचा नर 20 ते 27 किलोचा. 2010 पासून मॅलाम्यूट हा अलास्का राज्याचा अधिकृत कुत्रा आहे.

ओळखायचं असेल तर आधी डोळे पाहा. निळे डोळे, किंवा एक निळा आणि एक तपकिरी, हे हस्कीत चालतं. शुद्ध मॅलाम्यूटचे डोळे तपकिरीच हवेत. मात्र हस्कीचेही डोळे तपकिरी असू शकतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. हस्कीचे कान डोक्यावर उंच आणि जवळजवळ असतात, मॅलाम्यूटचे रुंद डोक्याच्या दोन कडांना. हस्कीची शेपटी कोल्ह्याच्या शेपटीसारखी, मॅलाम्यूटची पिसाऱ्यासारखी पाठीवर डुलणारी.

स्वभावाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण घरात राहायचं ते स्वभावासोबत. दोघेही माणसाळू. हस्की तर अनोळखी माणसाचंही शेपटी हलवून स्वागत करतो, त्यामुळे राखणीसाठी तो आणू नये. त्याला लोक हट्टी म्हणतात, ते मला पटत नाही. पुढचा बर्फ पातळ आहे हे ओळखून हुकूम न मानणारा कुत्राच गाडीला वाचवायचा, आणि स्वतः ठरवण्याची ती सवय त्याच्यात अजून आहे. हाक मारली की तो येईलच, यावर भरवसा ठेवून त्याला मोकळ्यावर सोडू नका. दिसेनासा होईपर्यंत तो पळत राहील. कुंपण उंच हवं आणि खालून पक्कं, कारण तो उडी मारतो आणि उकरतोही. एकटा पडला की लांब सूर लावून रडतो. दमेल एवढा व्यायाम रोज झाला नाही, तर घरातलं सामान कुरतडतो.

मॅलाम्यूटची काळजी वेगळी. तो पळून जाण्यापेक्षा ओढून नेतो. लहान मूल त्याच्या नुसत्या धक्क्याने पडतं, म्हणून त्याचं प्रेम कितीही असलं तरी मोठं माणूस जवळ हवंच. दुसऱ्या कुत्र्याशी, विशेषतः नराचं नराशी आणि मादीचं मादीशी, वाजू शकतं. पट्ट्याला न ओढता चालायला तो पिल्लू असतानाच शिकवा. पूर्ण वाढल्यावर ताकदीने कोणी त्याला आवरू शकणार नाही. मांजर, ससा, कोंबडी यांच्यासाठी दोघांचाही भरवसा धरू नये.

खाण्यात हस्की नवख्याला घाबरवतो. अंगाच्या मानाने तो कमीच खातो, आणि अंगावर तुकतुकी असेल, वजन टिकून असेल, तर ते ठीक आहे. पण डोळ्यांभोवती किंवा तोंडाभोवती खपल्या धरल्या, तर पशुवैद्याला दाखवा. या दोन्ही जातींत जस्त अंगी न लागण्याचा त्वचाविकार आढळतो. हस्कीत आनुवंशिक मोतीबिंदू, मॅलाम्यूटमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आणि थायरॉइडची कमतरता यांकडे लक्ष असू द्या. पिल्लू घेताना आईबापांचे डोळे आणि खुबे तपासल्याचे कागद मागा, आणि शक्य असेल तर दोघांना प्रत्यक्ष पाहा. पिल्लू किती मोठं होणार, याचा अंदाज तिथेच येतो.

केसांच्या बाबतीत दोघे सारखेच. वर्षातून साधारण दोनदा आतली लोकर झुबक्यांनी सुटते, तेव्हा रोज विंचरावं लागतं. उकाडा वाढला की कुत्र्याचे केस पूर्ण कापावेत असं अनेकांना वाटतं, ते कृपा करून करू नका. तो कोट उन्हाचा दाहही अडवतो, आणि एकदा भादरल्यावर पूर्वीसारखा येईलच असं नाही. आतली सुटलेली लोकर काढून टाका, म्हणजे हवा कातडीपर्यंत पोचते. फिरवणं पहाटे किंवा अंधार पडल्यावर, पाणी कायम भरलेलं, दुपारी सावलीतली गार फरशी. धापा थांबत नसतील, लाळ घट्ट झाली असेल आणि पाय लडखडत असतील, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगेच पशुवैद्याकडे न्या.