अंतर एकच, मग जाता-येता वेळ वेगळी का?

दोन विमानतळांमधील हवाई अंतर काढायला त्यांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची त्रिज्या एवढी माहिती पुरते. पृथ्वी हा ६३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येचा गोल आहे असे धरून त्या दोन ठिकाणांमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताची, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच जुळते अशा वर्तुळाची, मधली कमान मोजली जाते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या उत्तरात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. सपाट नकाशावर मात्र ही कमान वाकडी दिसते, आणि न्यूयॉर्कहून लंडनला जाणारे विमान उत्तरेला न्यूफाउंडलंडकडे का सरकते, असा प्रश्न पडतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तोच मार्ग सर्वांत जवळचा असल्याचे लगेच दिसते.

हे अंतर सुमारे ५५४० किलोमीटर आहे. तरीही लंडनला जाताना लागणाऱ्या वेळेपेक्षा परतताना साधारण तासभर जास्त लागतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, हा समज फार पसरलेला आहे, पण तो खरा नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते. खरे कारण आहे वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह कधीकधी ताशी ३०० किलोमीटरचाही वेग गाठतात. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात ठरतो आणि ती हवाच सरकत असल्यामुळे जमिनीच्या संदर्भातला वेग त्यानुसार वाढतो किंवा घटतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हा प्रवास ४ तास ५६ मिनिटांत केला, तो वादळामुळे बळावलेल्या अशाच प्रवाहाच्या जोरावर.

जाताना वाचलेला वेळ येताना तेवढाच खर्च होऊन हिशोब बरोबरीत सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे; गणित मात्र वेगळे सांगते, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर वाऱ्याबरोबर ५ तास ३२ मिनिटे आणि वाऱ्याविरुद्ध सुमारे ६ तास ५६ मिनिटे लागतात. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ९ मिनिटे कमी लागली असती. वाऱ्याविरुद्धच्या संथ वेगात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो, त्यामुळे वाऱ्याचा तोटा त्याच्या फायद्याहून नेहमीच मोठा ठरतो.

वेळापत्रकात छापलेल्या वेळेत याखेरीज धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर ठरलेल्या जागी पोहोचणे, हेही धरलेले असते. शिवाय जवळचा मार्ग नेहमी खुला असतोच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे हवाई क्षेत्र युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या विमानांना लांबच्या वाटा धराव्या लागल्या, त्यांतली एक तर उत्तर ध्रुवावरून जाते, आणि पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास असलेला तो प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.