दाट लावलेली बाग म्हणजे घन लागवड नव्हे

घन लागवड म्हणजे फळझाडं जवळजवळ लावायची आणि ती लहानच ठेवायची. ‘अंतर निम्मं केलं, घन लागवड केली’ असं कोणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, छाटणी कधी केली? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अजून झाडं लहान आहेत.’

झाडांच्या संख्येवर वेळ घालवत नाही. हेक्टरच्या १०,००० चौरस मीटरला दोन ओळींतलं आणि दोन झाडांतलं अंतर यांच्या गुणाकाराने भागा. आंबा १० × १० मीटरवर हेक्टरी १०० झाडं, ५ × ५ वर ४००. झाडागणिक माल कमी आणि हेक्टरी जास्त, हेही सगळ्यांना पाठ आहे.

घोळ होतो तो पुढे. नुसत्या दाट बागेत पहिली काही वर्षं उत्पन्न खरोखर वाढतं, कारण मोकळी जमीन लवकर झाकली जाते. मग फांद्या एकमेकींत शिरतात आणि झाडं उजेडासाठी वर पळू लागतात. भर उन्हाच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी उजेड मिळाला की आतल्या फांद्यांवर फळधारणा जेमतेम होते, त्या वाळत जातात. फळ शेंड्याला, फवारणी झाडाच्या पोटात पोचत नाही, ओल टिकते, बुरशी येते. मालक म्हणतो खत कमी पडलं, आणि युरिया टाकतो. आणखी पाला, आणखी सावली!

घन लागवडीत अंतर नंतर येतं; झाड किती मोठं होऊ द्यायचं हे आधी ठरतं. सफरचंदात ते काम एम ९ सारखा ठेंगणा खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग) करतो. पेरूत कात्री करते: रोप ६०–७० सेंटिमीटरचं झालं की शेंडा मारायचा, आलेले फुटवे वाढले की निम्मे कापायचे, पुन्हा तेच. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून हे कापणं त्याला मानवतं.

पेरूचं बघून आंब्यात तसंच करणाऱ्यांवर मात्र माझा खरा राग आहे. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. छाटणी तोडणी संपताच झाली पाहिजे. उशीर केला तर नवी फूट कोवळीच राहते आणि पुढचा मोहोर हुकतो.

‘आता दाट लावू, मधली झाडं नंतर काढू’ हा बेत कागदावर उत्तम आहे. फळ देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड चालवणारा हात मी फार क्वचित पाहिला. ज्याला कात्री जमणार नाही त्याने सरळ लांब लावावं, त्यात कमीपणा नाही.

आपली बाग नुसती दाट की खरी घन, ते भर दुपारी झाडाखाली उभं राहून बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर ठीक. नुसती गार, काळी सावली असेल तर वर बघा: खालच्या काड्या बोटाने कटकन मोडतील.