नववा ठिपका आला कुठून? मोनोक्रोम कार्डांवरच्या मजकुराची पार्श्वभूमी

पीसीचा पडदा चालवणारे आयबीएमचे व्हीजीए हे सर्किट १९८७ साली आले. त्याच्या नेहमीच्या टेक्स्ट मोडमध्ये (पडद्यावर फक्त अक्षरे दाखवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक अक्षराला नऊ ठिपके रुंदीची चौकट मिळते, पण फॉन्टमधली आकृती असते आठच ठिपक्यांची. हे विजोड गणित व्हीजीएने मांडलेले नाही. ते आले आयबीएम पीसीबरोबर १९८१ साली बाजारात आलेल्या मोनोक्रोम कार्डाकडून, म्हणजे एमडीएकडून.

त्याआधीचे घरगुती संगणक टीव्हीच्या तंत्रावर चालत. १९७७ सालचा टीआरएस-८० पडद्यावर ६४ अक्षरांच्या १६ ओळी दाखवी. त्याच वर्षीचा ॲपल टू ४० अक्षरांच्या २४ ओळी, त्याही फक्त कॅपिटल. टीआरएस-८०च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये स्मॉल लेटर्स नव्हती, कारण पडद्याच्या मेमरीत प्रत्येक अक्षरासाठी सातच बिट ठेवून एक चिप वाचवली होती. हौशी मंडळी जुन्या चिपच्या पाठीवर जादा चिप सोल्डर करून ती उणीव भरून काढत.

कचेरीतल्या कामाला मात्र ८० स्तंभ हवे होते. पंचकार्डापासून मोठ्या संगणकांच्या टर्मिनलपर्यंत हाच आकडा मुरलेला होता. आठ ठिपक्यांच्या चौकटीत ८० अक्षरे बसवायची तर एका ओळीत ६४० ठिपके होतात आणि ठिपक्यांचा वेग १४ मेगाहर्ट्झच्या घरात जातो. साध्या टीव्हीला हा वेग झेपत नाही; अक्षरे एकमेकांत विरघळतात. म्हणून आयबीएमने कचेरीसाठी टीव्हीचा नाद पूर्ण सोडला आणि कार्ड व मॉनिटर ही एकमेकांसाठीच बनवलेली जोडी विकली. कार्ड एमडीए, मॉनिटर ५१५१.

या जोडीचे गणित पाहण्यासारखे आहे. चौकट ९ × १४, अक्षरे ८० × २५, म्हणजे पडदा ७२० × ३५० ठिपक्यांचा. आकृती साधारण ७ × ९ची. उरलेली जागा दोन अक्षरांमधल्या मोकळ्या पट्टीला आणि जी, पी, वाय यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपटांना. त्याच वर्षीच्या रंगीत सीजीए कार्डावर हे सगळे ८ × ८मध्ये कोंबलेले होते, आणि दिवसभर वाचताना तो फरक डोळ्यांना कळे. एमडीएचा ठिपक्यांचा क्लॉक १६.२५७ मेगाहर्ट्झ. पडद्याची वेळ सांभाळणाऱ्या मोटोरोलाच्या ६८४५ कंट्रोलर चिपला आडव्या दिशेने एकूण ९८ अक्षरांची रुंदी दिलेली असते (८० दिसणारी, बाकी पडदा रंगवणारा किरण परत येण्यासाठी). ९८ × ९ म्हणजे ८८२ ठिपके, त्यातून ओळींचा वेग निघतो १८.४३२ किलोहर्ट्झ. उभ्या दिशेने २६ × १४ अधिक ६, अशा ३७० रेषा. म्हणजे पडदा सेकंदाला जेमतेम ५० वेळा रंगतो. एवढ्या कमी वेगाला चित्र थरथरायला हवे. ते थरथरू नये म्हणून ५१५१मध्ये पी-३९ हा उशिरा विझणारा हिरवा फॉस्फर (किरण पडला की चमकणारा पडद्यावरचा लेप) वापरला. मजकूर सरकवला की मागे हिरवी सावली रेंगाळते, ती यामुळेच.

आता नववा ठिपका. फॉन्टची रॉम आठ बिट रुंद. प्रत्येक अक्षराच्या वरच्या आठ रेषा पहिल्या दोन किलोबाइटमध्ये, खालच्या सहा पुढच्या दोनमध्ये. त्याच ८ किलोबाइटच्या चिपच्या उरलेल्या भागात सीजीएचे दोन फॉन्ट. नवव्या ठिपक्याला रॉममध्ये जागाच नाही, तो कार्डावरचे सर्किट भरते. बहुतेक अक्षरांसाठी तो रिकामा, म्हणजे अक्षरांमधले अंतर फुकटात मिळाले. पण चौकटी काढायच्या रेषा त्या अंतराने तुटल्या असत्या. म्हणून नियम असा: अक्षराचा क्रमांक हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या, सोळाच्या पायावरच्या मोजणीत) सी० ते डीएफ असेल, तर आठवाच ठिपका नवव्या जागी पुन्हा उमटवायचा. क्रमांकाचे वरचे तीन बिट ११० आहेत का, एवढे तपासले की झाले.

या नियमाची खरी गंमत अक्षरसंचात आहे. रेषांची चिन्हे बी३पासून सुरू होतात, पण बी३ ते बीएफ ही सगळी एकतर उभ्या रेषा किंवा उजवीकडे न पोचणारे कोपरे आणि सांधे आहेत. त्यांना नववा ठिपका लागतच नाही. उजवीकडच्या शेजाऱ्याला जोडायची चिन्हे नेमकी सी०पासून पुढे येतात. भरीव ठोकळेही याच पट्ट्यात. हे योगायोगाने जमत नाही. अक्षरांचा क्रम लावताना सर्किट नजरेसमोर होते, हे उघड आहे. सुटली ती बी० ते बी२ ही तीन ठिपकेदार छटांची चिन्हे. त्यांनी भरलेल्या भागात मोनोक्रोम पडद्यावर बारीक उभ्या फटी दिसतात.

मेमरी फक्त ४ किलोबाइट, पत्ता बी००००. २००० अक्षरे, प्रत्येकी एक बाइट अक्षराचा आणि एक रूपाचा, म्हणजे ४००० बाइट. दुसऱ्या पानाला जागा नाही. रूपाच्या बाइटमध्ये ०७ म्हणजे साधे अक्षर, ०एफ उजळ, ७० उलटे, ०० अदृश्य, ०१ अधोरेखित; सर्वांत वरचा बिट लावला की लुकलुकणारे. सीजीएवर ०१ म्हणजे निळा रंग. त्यामुळे रंगीत पडद्यासाठी लिहिलेला प्रोग्राम मोनोक्रोमवर चालवला की निळी अक्षरे अधोरेखित होऊन येत. निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत दाखवलेला मेनूतला पर्याय तर फक्त उजळ दिसे, पट्टी गायब. सीजीएच्या मेमरीच्या पत्त्याला, बी८०००ला, थेट लिहिणाऱ्या प्रोग्रामचे काहीच दिसत नसे. नीट लिहिलेला प्रोग्राम आधी बायोसला, म्हणजे पीसीच्या रॉममधल्या मूळ प्रोग्रामला, मोड विचारी. उत्तर ७ आले तर कार्ड मोनोक्रोम.

कर्सरचीही अशीच फजिती होई. सीजीएवर तो सहाव्या-सातव्या रेषेवर असतो, एमडीएवर अकराव्या-बाराव्या. आकडा न बदलता वापरला तर कर्सर अक्षराच्या पोटातून आडवा जातो.

खरे धोके दोन. पहिला, पोर्ट ३बी८ (पोर्ट म्हणजे कार्डाला हुकूम देण्याचा पत्ता). तिथे आधी ०१ लिहून कार्ड सुरू केल्याशिवाय त्याच्या मेमरीला हात लावला तर प्रोसेसर कायमचा अडकून बसतो. दुसरा, मॉनिटर. ५१५१चे आडवे स्कॅनिंग कार्डाकडून येणाऱ्या सिंकवर (रेषा कधी सुरू करायची ते सांगणाऱ्या संकेतावर) अवलंबून असते. ६८४५मध्ये चुकीचे आकडे भरले, किंवा त्याच नऊ पिनांच्या जोडणीला फसून तो सीजीएला लावला, तर आडव्या स्कॅनिंगचे सर्किट जळू शकते.

फायद्याच्या बाजूला मात्र एक मोठी गोष्ट होती. सीजीएच्या ८० स्तंभांच्या मोडमध्ये प्रोसेसर मेमरीत लिहीत असताना पडद्यावर पांढरे कण उडत, म्हणून प्रोग्रामला किरण परत जाण्याची वाट पाहावी लागे. एमडीएची स्टॅटिक मेमरी दोन बाजूंनी वाचता-लिहिता येई. तिथे कधीही लिहा, पडदा स्वच्छ. शिवाय दोन्ही कार्डांचे पत्ते वेगळे असल्याने ती एकाच पीसीत नांदत: आलेख रंगीत पडद्यावर, आकडे हिरव्यावर. एमडीएवर प्रिंटरचा पोर्टही होता, पत्ता ३बीसी.

ग्राफिक्स मात्र शून्य, आणि ही फट १९८२ साली हर्क्युलिसने भरली. हर्क्युलिसचे एक संस्थापक व्हॅन सुवन्नुकुल यांना संगणकावर थाई लिपी हवी होती. आपल्यासारखीच वर-खाली चिन्हे लावणारी लिपी. ती रॉममध्ये गोठलेल्या २५६ आकृत्यांत बसणारी नव्हती. त्यांच्या कार्डाने टेक्स्ट मोड एमडीएसारखाच ठेवला आणि ६४ किलोबाइट मेमरी देऊन ७२० × ३४८चा ग्राफिक्स मोड जोडला. ३५० का नाही? मेमरीत रेषा चार-चारच्या गटांनी विभागलेल्या होत्या. ८७ × ४ म्हणजे ३४८, आणि ३५०ला चारने भाग जात नाही. दोन कार्डांतला फरक प्रोग्रामला कळतो तो पोर्ट ३बीएच्या सातव्या बिटवरून: हर्क्युलिसवर तो उभ्या सिंकबरोबर बदलत राहतो, एमडीएवर हलत नाही. १९८६च्या हर्क्युलिस प्लसने पुढची पायरी गाठली. त्यात फॉन्ट रॅममध्ये ठेवता येई आणि टेक्स्ट मोडच्याच वेगाने ३०७२ आकृत्या वापरता येत.

फॉन्ट बदलता यायला लागले आणि जुना नियम अडचणीचा ठरला. सी० ते डीएफ या पट्ट्यात रेषांऐवजी अक्षर बसवले आणि त्याचा आठवा ठिपका पेटलेला असला, तर ते उजवीकडे फराटते. रशियनसाठीच्या कोड पेज ८६६ या अक्षरसंचात स्मॉल अक्षरे ए०-एएफ आणि ई०-ईएफ अशी तोडून ठेवली आहेत आणि मधल्या रेषा जागेवरच आहेत. त्या मांडणीत हा प्रश्न उद्भवत नाही. व्हीजीएवर हा नियम ऐच्छिक आहे: ॲट्रिब्यूट कंट्रोलरच्या (अक्षराचे रूप ठरवणाऱ्या भागाच्या) हेक्स १० क्रमांकाच्या रजिस्टरमधला बिट २ शून्य केला की नववा ठिपका सर्वच अक्षरांसाठी रिकामा राहतो. स्वतःचा फॉन्ट चढवताना सी०नंतरची अक्षरे लिंपल्यासारखी दिसली, तर आधी हा बिट पाहावा.