न भरणारी जखम आणि तळपायावरचा डाग

लुगडं किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट आवळणाऱ्या बाईच्या कमरेवर एक पट्टा उमटतो. कुठे काळपट, कुठे पांढुरका, खरखरीत. आजीच्या, मावशीच्या कमरेवर तो लहानपणापासून पाहिलेला असल्यामुळे त्याचं कुणालाच काही वाटत नाही. खाज येते, साल निघते, उन्हाळ्यात घामानं चुरचुरतं, खोबरेल तेल लावून वेळ निभावते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एकीच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती, दुसरीच्या कमरेवरची दोन वर्षं. दुसरी बाई सुमारे चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत आली होती. जखमेचा तुकडा काढून तपासला तेव्हा दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला आणि एकीच्या बाबतीत तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला होता.

या हकिगतीतलं मला सर्वांत जास्त टोचतं ते दीड वर्ष आणि दोन वर्षं. जखम उघड्यावर होती, हाताला लागत होती, कपड्याला डाग पडत होते. पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या कॅन्सरसारखा हा आत लपून बसलेला नसतो. तरीही उशीर होतो, कारण ‘त्वचेचा कॅन्सर’ म्हटलं की काय शोधायचं आणि कुठे शोधायचं, याचं आपल्या मनातलं चित्र दुसऱ्या देशातून आलेलं आहे.

ते चित्र ऑस्ट्रेलियासारख्या देशाचं आहे. तिथे सत्तरीपर्यंत दर तीन माणसांपैकी दोघांना कोणता ना कोणता त्वचेचा कॅन्सर होतो. गोरी कातडी आणि प्रखर ऊन यांचा तो परिणाम. म्हणून तिथली माहितीपत्रकं सांगतात की उन्हात टोपी घाला, क्रीम लावा, पाठीवरचे आणि पायावरचे तीळ तपासा. त्यांच्यासाठी ते अगदी योग्य आहे. आपल्याकडे हे आजार एकूण कॅन्सरच्या मानानं बरेच कमी दिसतात आणि त्याचं बरंचसं श्रेय मेलॅनिन या रंगद्रव्याला जातं. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी तयार करत असलेल्या रंगकणांत. सावळ्या त्वचेत हे कण मोठे असतात, जास्त असतात, आणि त्वचेच्या पेशीत शिरल्यावर तिच्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखे जमतात. आतल्या डीएनएपर्यंत अतिनील किरण कमी पोचतात.

पण ही टोपी फक्त उन्हापासून वाचवते. घर्षण, भाजल्याचे व्रण, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमा किंवा पाण्यातलं विष यांच्यापुढे तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडे जो त्वचेचा कॅन्सर होतो, त्यातला मोठा भाग या दुसऱ्या वाटेनं येतो.

कमरेवरच्या त्या पट्ट्यात घडतं ते असं. एकाच रेषेवर रोज दाब आणि घासणं. त्वचा झिजते, भरते, पुन्हा झिजते. भरणं म्हणजे नव्या पेशी तयार होणं, आणि प्रत्येक वेळी पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल काढताना चूक होण्याची शक्यता असते. सूज कायम राहिली की त्या चुकांना खतपाणी मिळतं. एखादी पेशी कधीतरी थांबणं विसरते. जुन्या व्रणात किंवा जुनाट जखमेत उगवणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन व्रण म्हणतात. १८२८ साली फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी अशा व्रणांचं वर्णन केलं होतं. कमरेपुरतं बोलायचं तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ सालीच भारतीयांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर शोधनिबंध लिहिला आणि त्यात धोतर आवळण्याच्या जागी होणारा कॅन्सर नोंदवला. धोतर मागे पडलं. परकराची नाडी राहिली. ती रुंद पट्ट्याची करणं, रोज जरा वर-खाली बांधणं, घरी सैल सोडणं एवढ्यानंही त्या रेषेला विश्रांती मिळते.

काश्मीरमध्ये हेच कांगडीच्या बाबतीत घडतं. विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ते फिरनच्या, म्हणजे तिथल्या लांब सैल अंगरख्याच्या, आत पोटाशी, मांडीशी धरलेलं. १८६६ साली एल्म्स्ली या डॉक्टरांनी त्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. महाराष्ट्रात कांगडी नाही, पण चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्यात लहानपणी भाजलेले हात-पाय घराघरांत आहेत. भाजल्याचा जुना व्रण वीस-तीस वर्षांनी अचानक फुटला, त्यावर फुलकोबीसारखा कोंभ आला, घाण वास येऊ लागला, तर ती ‘जुनी जखम पुन्हा उघडली’ म्हणून मलमपट्टी करत बसण्याची गोष्ट नाही. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळव्यावर वर्षानुवर्षं राहिलेली जखम याच धोक्यातली. बधिर पाय दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या जखमेला माणूस सगळ्यात शेवटी डॉक्टरकडे नेतो. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकेच्या पाण्यातून आर्सेनिक पोटात गेलेल्या लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर खरखरीत गाठी येतात आणि त्यातल्या काहींचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं, तेही या वाटेवरचंच उदाहरण.

आता मेलानोमाकडे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचाच हा कॅन्सर. त्वचेच्या कॅन्सरमध्ये तुलनेनं कमी आढळणारा, पण फार लवकर पसरणारा. सावळ्या लोकांत तो मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या जागांवरचा मेलानोमा गोऱ्या आणि काळ्या लोकांत साधारण सारख्याच प्रमाणात होतो. सावळ्यांत उन्हामुळे होणारा प्रकार फारच कमी म्हणून हा उठून दिसतो. तळपायावर ऊन पडत नाही आणि अतिनील किरणांनी जनुकांत जी विशिष्ट खूण उमटते ती या गाठींत क्वचितच सापडते. त्यामुळे ‘मी उन्हात जात नाही’ किंवा ‘माझा रंग सावळा आहे’ हे तळव्याच्या बाबतीत संरक्षण नव्हे.

गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच कॅन्सर निघाला. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असा आधी समज होता. १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

आपल्याकडे फुटबॉलच्या जागी ठेच असते, काटा असतो, कुरूप असतं. तळपायावरचा काळा डाग कुरूप म्हणून कापला जातो, त्यावर औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅप चिकटवली जाते. अंगठ्याचं काळं नख ठेच लागल्याचं म्हणून सोडून दिलं जातं. बहुतेक वेळा ते खरंच ठेचेचंच असतं, म्हणून फरक ओळखता यायला हवा. तो नखाच्या वाढीत आहे. नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताचं तीन. दोन-तीन महिन्यांनी मुळाशी स्वच्छ नख दिसू लागलं तर बहुधा ते रक्त होतं. रंग बनवणारी पेशीच नखाच्या मुळाशी बसलेली असेल तर पट्टा मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो, रुंद होत जातो.

नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणं भारतीयांत अगदी सामान्य आहे. बऱ्याच नखांवर, बारीक, वर्षानुवर्षं तशाच रेषा असतील तर घाबरू नये. एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, मोठ्या वयात नवी रेषा आली, ती तीन मिलिमीटरहून रुंद झाली, कडा वेड्यावाकड्या झाल्या, नख चिरलं, किंवा काळा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर दाखवायला उशीर करू नये. कातडीवर उतरलेल्या रंगाची ही खूण जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली टिपली होती आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. काही मेलानोमा काळे नसतातच. नखाच्या कडेला लालसर मांसल गाठ येते, जरा लागलं की भळाभळा रक्त येतं, आणि सगळे तिला नखुरडं समजतात.

तळव्यावरच्या डागाबद्दल जपानी डॉक्टरांनी फार सुंदर काम केलं आहे. तिथेही मेलानोमा तळपायावरच जास्त दिसतो, म्हणून तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळव्याच्या रेषांकडे डर्मोस्कोपमधून पाहिलं. डर्मोस्कोप म्हणजे उजेडाची सोय असलेलं हाताच्या मुठीत मावणारं भिंग. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, उंच वरंबे आणि त्यांच्यामधल्या सऱ्या. साधा तीळ असेल तर रंग सऱ्यांमध्ये साचलेला दिसतो. मेलानोमात तो वरंब्यांवर दिसतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वरंब्यांवरचा रंग ही खूण साध्या तिळांत जवळजवळ कधीच आढळली नाही. कातडीला न टोचता मिळणारी ही माहिती आहे आणि हे भिंग आता अनेक त्वचारोगतज्ज्ञांकडे असतं. तळव्यावरचा डाग दाखवताना ‘डर्मोस्कोपनं बघाल का?’ असं जरूर विचारावं.

अंगावरच्या इतर तिळांसाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली काढलेले निकष जगभर वापरले जातात. तिळाचे दोन अर्धे सारखे नसणं, कडा फाटक्या असणं, एकाच तिळात अनेक रंग असणं, आकार सहा मिलिमीटरहून मोठा असणं. नंतर त्यात ‘बदलत राहणं’ हा पाचवा निकष जोडला गेला, आणि माझ्या मते सामान्य माणसासाठी तो एकटाच बाकी चारांपेक्षा महत्त्वाचा. जन्मापासून असलेला मस वर्षानुवर्षं तसाच आहे तर त्याची चिंता नको. चाळिशीनंतर नव्यानं आलेला आणि चार-सहा महिन्यांत बदललेला डाग दाखवून घ्यावा. दर महिन्याला मोबाइलवर त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला तर बदल झाला की नाही यावर घरात वाद होत नाही.

चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला किंवा पापणीवर होणारा बेसल सेल कॅन्सर आपल्या त्वचेत बऱ्याचदा काळा, चकचकीत, मण्यासारखी कड असलेला असतो. ‘तीळ होता, तो फुटला’ असं लोक सांगतात. खपली धरते, तोंड धुताना निघते, थोडं रक्त येतं, पुन्हा धरते. हा शरीरात सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी खोल पोखरत जातो. पापणीजवळ असेल तर डोळ्यापर्यंत.

इथेच घरगुती उपायांचं मोठं नुकसान होतं. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, तिळावर चुना आणि सोडा लावून तो जाळणं, हे अजूनही चालतं. साध्या चामखिळीचं त्यात फार बिघडत नसेल. पण तो कॅन्सर असेल तर वरचा भाग जळतो, खालचा वाढत राहतो, आणि मूळ तीळ कसा होता हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो. ब्यूटी पार्लरमध्ये यंत्रानं तीळ जाळून घेण्यालाही हेच लागू आहे. शंकास्पद तीळ जाळायचा नसतो, कापून तपासणीला पाठवायचा असतो.

कापायचा म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हत्यार लागलं की पसरतो.’ ही भीती मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकली आहे. त्वचेच्या कॅन्सरच्या बाबतीत ती खरी नाही. तपासणीसाठी तुकडा काढल्यानं तो पसरत नाही. ऑपरेशनच्या आधीच तो पसरलेला असतो आणि ऑपरेशननंतर लक्षात येतो, म्हणून दोष हत्याराला दिला जातो. प्रत्यक्षात बायॉप्सी हा छोटा प्रकार आहे. जागा बधिर करण्याची सुई, काही मिनिटांचं काम, दोन-चार टाके, आणि माणूस चालत घरी. मेलानोमाची शंका असेल तर शक्यतो पूर्ण डाग थोड्या निरोगी कडेसह काढतात, कारण त्याची जाडी मोजायची असते. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिलं की मेलानोमा त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे, यावर रुग्णाचं भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरतं. एक मिलिमीटरहून पातळ असताना काढलेल्या मेलानोमाचे दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर चित्र फार बदलतं, आणि पसरल्यानंतरची औषधं आता चांगली असली तरी महागडी आहेत. सहा महिने कॉर्न कॅप लावण्याची किंमत या मिलिमीटरमध्ये मोजली जाते.

मग कुणी आणि कधी जायचं? चार आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, मग ती कमरेवर असो, ओठावर असो की तळपायावर, त्वचारोगतज्ज्ञाला किंवा सर्जनला दाखवावी. मधुमेह असला तरीही. ‘साखरेमुळे भरत नाही’ हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं, म्हणूनच ते चुकीचं असताना कुणाच्या लक्षात येत नाही. साखर आटोक्यात असूनही जखम भरत नसेल, कडा उंच आणि कडक होत असतील, तर तुकडा तपासायला सांगावा. जन्मजात रंगहीन त्वचेची माणसं, उन्हात गेल्याबरोबर चेहऱ्यावर ठिपके येणारी झीरोडर्मा या आनुवंशिक आजाराची मुलं, आणि मूत्रपिंड बदललेले रुग्ण यांनी मात्र काही दिसण्याची वाट न पाहता ठरावीक काळानं तपासून घ्यावं आणि उन्हापासून काटेकोर जपावं. कोडाचे डाग असलेल्यांना लोक उगाच कॅन्सरची भीती घालतात. कोड म्हणजे कॅन्सर नाही आणि त्यातून मेलानोमा होतो असंही नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग असतो आणि बायॉप्सीचीही सोय असते. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्यावरचे उपचार आहेत. आंघोळीनंतर म्हाताऱ्या आईवडिलांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या घरातल्या कुणीतरी बघाव्यात, कारण त्यांना वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. बायॉप्सीचा अहवाल आल्यावर त्यात प्रकार, खोली आणि ‘कडा मोकळ्या आहेत का’ (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना) या तीन गोष्टी लिहिल्या आहेत ना ते पाहावं, नसतील तर विचारावं. प्रयोगशाळेतून काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घेऊन जपून ठेवाव्यात. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्या दिवशी त्याच मागतात, आणि त्या हाताशी असल्या तर सहसा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.