ॲरेमध्ये अमुक मूल्य आहे का?

दिलेल्या ॲरेमध्ये, म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या यादीत, एखादे मूल्य आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी पायथनमध्ये 'इन', जावास्क्रिप्टमध्ये 'इन्क्लूड्स' आणि पीएचपीमध्ये 'इन-ॲरे' अशी तयार सोय आहे. काम एका ओळीत होत असल्यामुळे त्या ओळीच्या आत काय चालते याकडे सहसा कोणी पाहत नाही. आत संगणक पहिल्या घरापासून निघतो, प्रत्येक घरातील मूल्य हव्या असलेल्या मूल्याशी ताडून पाहतो आणि जुळले की थांबतो. त्यामुळे 'आहे' हे उत्तर वाटेत कुठेही मिळू शकते. 'नाही' म्हणायला मात्र शेवटचे घर गाठावेच लागते. यादीत १० लाख मूल्ये असतील, तर १० लाख वेळा तुलना होते.

हा खर्च टाळण्याचे मार्ग जुने आहेत. यादी चढत्या क्रमाने लावलेली असेल, तर प्रत्येक वेळी मधले मूल्य पाहून अर्धी यादी बाद करता येते आणि त्याच १० लाखांसाठी सुमारे २० तुलना पुरतात. हॅशिंग या पद्धतीत मूल्यावरूनच त्याच्या जागेचे गणित मांडतात. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली होती आणि पायथनमधील 'सेट' हा मूल्यांचा संग्रह तिच्यावरच चालतो. अर्थात, यादी क्रमाने लावायला किंवा तिचा सेट करायलाही वेळ लागतोच; तेव्हा तपासणी एकदाच करायची असेल तर सरळ शोधच परवडतो.

वेगाची चर्चा भरपूर होते. माझ्या मते खरी गुंतागुंत तुलनेत आहे, कारण दोन मूल्ये 'सारखी' केव्हा मानायची हे प्रत्येक भाषा आपापल्या नियमांनी ठरवते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून ती ०.३ असलेल्या यादीत शोधली, तर बहुतेक भाषा 'नाही' म्हणतात. हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमके मांडता येत नाहीत आणि बेरजेत सतराव्या दशांशस्थळी ४ हा आकडा उरतो.

जावास्क्रिप्टमध्ये शून्याला शून्याने भागल्यावर मिळणारे 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') हे मूल्य तर स्वतःच्याही बरोबरीचे नसते. हा नियम संगणकातील अपूर्णांकांच्या हिशेबासाठीच्या, १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकातून आलेला आहे. परिणामी 'इंडेक्सऑफ' हे जुने फंक्शन यादीत असलेले नॅनही शोधू शकत नाही, तर २०१६ मध्ये भाषेत आलेले 'इन्क्लूड्स' ते शोधते. इंडेक्सऑफचा आणखी एक फास असा, की ते होकार-नकार न देता जागेचा क्रमांक देते: पहिल्या घरासाठी ० आणि मूल्य नसल्यास उणे १. जावास्क्रिप्टच्या अटीत ० म्हणजे असत्य आणि उणे १ म्हणजे सत्य ठरत असल्यामुळे, हे उत्तर तसेच अटीत वापरले तर पहिल्याच घरात बसलेले मूल्य गैरहजर ठरते आणि यादीत नसलेले हजर.

पीएचपीचा उदारपणा याहून धोक्याचा होता. तिथे साध्या तुलनेत संख्येशी ताडताना अक्षरांचे आधी संख्येत रूपांतर होई, आणि ज्या मजकुराच्या सुरुवातीला आकडाच नाही त्याचे शून्य होई. म्हणून फक्त ० असलेल्या यादीत 'एबीसी' शोधले तरी 'आहे' असे उत्तर येत असे. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हे बदलले, पण पूर्णपणे नाही. 'वन-ई-थ्री' (1e3, म्हणजे १ गुणिले १० चा तिसरा घात) ही अक्षरे संख्या म्हणून वाचली तर हजारच होतात, आणि दोन्ही बाजूंची अक्षरे संख्येसारखी दिसत असतील तर पीएचपी त्यांची तुलना अजूनही संख्या म्हणूनच करते. तेव्हा यादीत '१०००' हे सवलतीचे कुपन असेल, तर 'वन-ई-थ्री' टाईप करणाऱ्यालाही इन-ॲरे आजही आत घेते. त्याला अडवायचे असेल, तर फंक्शनला तिसरे मूल्य म्हणून 'ट्रू' द्यावे लागते. मग मूल्याबरोबर त्याचा प्रकारही जुळवला जातो आणि दोन्ही बाजूंची अक्षरे जशीच्या तशी ताडली जातात.