पर्यायी इंधन, ग्रामीण विदर्भातील
सरपण, रॉकेल आणि कोळसा यांना पर्याय म्हणून सरकारने राबवलेल्या योजनांचा विदर्भातील खेड्यांमधला इतिहास. सरकारी योजना येण्याआधीच वर्ध्याच्या मगनवाडीत, म्हणजे गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या केंद्रात, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ कंदील तयार झाला होता.

या सगळ्या योजनांत गोबरगॅस खेड्यात सर्वांत खोलवर पोचला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र पुढे आणले. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्पातून अनुदान मिळू लागले. टाकी गंजते म्हणून पुढे विटांच्या पक्क्या घुमटाचे ‘जनता’ आणि ‘दीनबंधू’ हे नमुने रूढ झाले. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे कोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. सकाळी शेण कालवायचे, त्यातला काडीकचरा वेचायचा, कुंडीचा बोळा काढून काला आत सोडायचा. हे काम बहुधा घरच्या बाईकडेच. विहिरी आटल्या की उन्हाळ्यात तेवढे पाणी डोक्यावर आणावे लागते. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तसे शेणही आटले. योजनेत उद्दिष्ट धरले ते बांधलेल्या संयंत्रांचे. चालू संयंत्रांच्या देखभालीला तितके महत्त्व मिळाले नाही, आणि योजनेची खरी उणीव हीच. जिथे गोठा भरलेला आणि पाणी जवळ, तिथे मात्र गॅसबरोबर स्लरीचे, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणाऱ्या काल्याचे, उत्तम खतही मिळते.

२००३ नंतर पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून बायोडिझेल काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. कोरडवाहू जमिनीत बियांचे उत्पन्न फार कमी आले आणि तो मागे पडला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या योजनेचा मोठा लाभ विदर्भाला नव्हे, ऊसपट्ट्यांना झाला.

विदर्भाचे स्वतःचे इंधन म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडे. वेचणी संपल्यावर ती उपटून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचतात, काही चुलीत जाते, बरीचशी शेतातच पेटवली जाते. ती तशीच उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. २०२१ च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर शेतकचरा दाबून केलेल्या कांड्या जाळणे बंधनकारक केले. बहुतेक संचांसाठी हे प्रमाण ५ टक्के ठरले. त्यामुळे पऱ्हाटीला गिऱ्हाईक मिळण्याची वाट खुली झाली. पण पऱ्हाटी हलकी आणि फुगीर असते. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. गावातच ती बारीक करणारे यंत्र असेल तरच वाहतूक परवडते.