वाहतूक प्रवाहाची गणिती प्रतिमाने

रस्त्यावरील वाहनांची हालचाल आणि चालकांचे वर्तन समीकरणांत मांडण्याचा अभ्यास. अपघात नाही, सिग्नल नाही, रस्ताही अरुंद झालेला नाही, तरी गाड्या खोळंबतात आणि काही वेळाने तितक्याच अचानक मोकळ्या होतात. हे का घडते, हा या विषयातला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न.

मूळ राशी तीन : घनता (किलोमीटरभरात किती वाहने), वेग आणि प्रवाह (एका ठिकाणाहून तासाला किती वाहने जातात). घनतेला वेगाने गुणले की प्रवाह मिळतो. अमेरिकी अभियंता ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी छायाचित्रांच्या साहाय्याने वेग मोजले आणि घनता वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो, असे १९३५ मध्ये मांडले. समजा, मोकळ्या मार्गिकेवर वेग ताशी ६० किमी आहे आणि गाड्या खेटून उभ्या केल्या तर किलोमीटरभरात १४० मावतात. मग सर्वाधिक प्रवाह मिळतो तो घनता ७० आणि वेग ताशी ३० किमी असताना : तासाला २,१०० गाड्या. त्यापुढे रस्त्यावर गर्दी वाढते, पण पार होणाऱ्या गाड्या घटतात. प्रत्यक्ष नोंदी इतक्या सरळ रेषेत बसत नाहीत, मात्र प्रवाहाला असा माथा असतो ही गोष्ट टिकून राहिली.

१९५५ मध्ये जेम्स लाइटहिल व जेराल्ड व्हिटॅम यांनी आणि १९५६ मध्ये पॉल रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे वाहतुकीला द्रवासारखे वागवले. रस्त्याच्या एखाद्या तुकड्यात जितक्या गाड्या शिरल्या त्यातून बाहेर पडलेल्या वजा केल्या की उरलेल्या तिथेच असणार, एवढ्या साध्या हिशेबावर हे प्रतिमान उभे आहे. वरच्याच रस्त्यावर घनता ३५ असेल तर वेग ताशी ४५ किमी आणि प्रवाह तासाला १,५७५. पुढे सिग्नल लाल झाला की रांगेचे शेपूट ताशी १५ किमी वेगाने मागे सरकत जाते. गाड्या पुढे जातात, कोंडी मागे येते. पण मोकळ्या रस्त्यावर आपोआप उपजणारी कोंडी या प्रतिमानात दिसत नाही, कारण इथे चालकाला प्रतिसादाला वेळ लागतच नाही.

ती उणीव अनुगमन प्रतिमानांनी भरून काढली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट हर्मन आणि जनरल मोटर्समधील त्यांचे सहकारी यांनी नियम मांडला : पुढच्या गाडीच्या आणि आपल्या वेगातल्या फरकाच्या प्रमाणात चालक वेग वाढवतो किंवा कमी करतो, पण थोड्या विलंबाने. हा विलंब आणि चालकाची संवेदनशीलता (वेगातल्या फरकाला तो किती जोराने प्रतिसाद देतो) यांचा गुणाकार निर्णायक ठरतो. मागोमाग चाललेल्या दोनच गाड्या पाहिल्या तर गुणाकार सुमारे १.५७ पर्यंत असला तरी हेलकावे विरत जातात. लांब रांगेत मात्र ०.५ ओलांडले की पुढच्याने हलकेच दाबलेला ब्रेक मागे जाताना दर गाडीगणिक वाढत जातो आणि शेवटी कुणाला तरी जागीच थांबावे लागते. एकेकटा चालक नीट गाडी हाकत असतो, डळमळीत असते ती रांग. माझ्या मते या विषयाने दिलेले सर्वांत मोलाचे ज्ञान हेच.

पुढची प्रतिमाने संगणकाच्या सोयीची आहेत. काई नागेल व मिखाएल श्रेकेनबर्ग (१९९२) यांनी रस्ता ७.५ मीटरच्या घरांत कापला. दर सेकंदाला गाडी वेग वाढवते, धडक टाळण्यापुरता कमी करते, कधीकधी उगाचच मंदावते आणि मग पुढे सरकते. ते उगाच मंदावणे काढून टाकले की आपोआप उपजणाऱ्या कोंड्याही जातात. मार्टिन ट्रायबर, आन्स्गार हेनेके आणि डिर्क हेल्बिंग यांच्या २००० सालच्या प्रतिमानात इच्छित वेग आणि सुरक्षित अंतर यांच्या ओढाताणीतून त्वरण ठरते. मार्गिका न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीत मात्र आडव्या सरकण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

२००८ मध्ये युकी सुगियामा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या जपानमधील प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या समान अंतरावर सोडल्या होत्या. ताशी ३० किमीच्या आसपास वेग राखा, एवढीच सूचना. सुरुवातीला चक्र सुरळीत फिरले. मग अंतरे कमीजास्त होऊ लागली, चार-पाच गाड्या थबकल्या आणि तो थबकलेला गोळा ताशी सुमारे २० किमी वेगाने उलट दिशेने फिरू लागला. अमेरिकेतील ॲरिझोनात असाच प्रयोग करून २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वीस-बावीस गाड्यांत एकाच गाडीचा वेग यंत्राने जपून राखला, तर लाट जवळजवळ विरते आणि सर्वांचेच इंधन वाचते.